जंगलात एकटं जाताना घरी ठेवायचा कागद

बूट, पाणी, औषधं, पावसाचं जाकीट हे तुम्ही घेणारच, त्यावर मी काही सांगत नाही. मला बोलायचंय ते घरी ठेवून जायच्या कागदाबद्दल. मागच्या वेळी राष्ट्रीय उद्यानात तीन दिवस एकटी चालायला गेले, तेव्हा सगळं घेतलं आणि हा कागद तेवढा लिहिला नाही. "रोज संध्याकाळी फोन करते" एवढंच आईला सांगून निघाले. दुसऱ्या दिवशी दरीत रेंजच नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी धारेवर चढले आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. पहिला मेसेज "पोचलीस का?", मधले सगळे दादाचे, शेवटचा आईचा: "उचल ना गं." मी तंबूत गाढ झोपले होते त्या रात्री उद्यानाची माणसं बॅटऱ्या घेऊन मला शोधत होती, आणि तीही भलत्याच वाटेवर. कारण मी कुठल्या वाटेने गेलेय हे घरात कुणालाच धड सांगता आलं नव्हतं.

तर कागद. कुठल्या फाटकातून आत, कुठली वाट, मुक्काम कुठे, बाहेर कुठून. गाडी नेली असेल तर तिचा नंबर आणि ती कुठे लावली. तंबूचा आणि जाकिटाचा रंग, कारण लांबून आधी तेच दिसतं. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, मुदत: अमुक तारखेला, अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर उद्यानाच्या या नंबरवर फोन करा. हा नंबर रात्रीही उचलला जाणारा हवा. निघण्याआधी स्वतः लावून बघा.

बाहेर पडायची वेळ म्हणजे मुदत नव्हे. दुपारी 3 ला बाहेर येणार असाल तर मुदत रात्री 9 ची ठेवा. पाय मुरगळला, ओढा भरला की चाल निम्म्यावर येते. पण 9 वाजले की घरच्यांनी थांबायचं नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. "अजून थोडी वाट बघू" म्हणण्यातच रात्र निघून जाते. परवाना काढलाय म्हणजे आपण परतलो की नाही हे कुणीतरी बघतंय, असं गृहीत धरू नका. पुष्कळ ठिकाणी कुणी बघत नाही. मुदत सांभाळणारं माणूस घरीच असावं लागतं.

आणि रोज फोन करायचा शब्द कृपा करून देऊ नका. उलट सांगा, "मधले दोन दिवस माझं काही येणार नाही, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही." हे एक वाक्य मी बोलले असते तर आईची ती रात्र वाचली असती.

फोनचं: रेंज शोधता शोधताच बॅटरी संपते, म्हणून तो फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएसला रेंजची गरज नसते. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर तो चालतो. रेंजची एखादीच काडी असेल तर कॉलच्या नादी न लागता साधा एसएमएस पाठवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, रात्री फोन आणि पॉवर बँक झोपायच्या पिशवीत घ्या. 112 हा भारतात आणि युरोपात चालणारा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो, पण आसपास एकही टॉवर नसेल तर तोही लागत नाही.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र असेल तर उत्तम, पण त्याला मोकळं आभाळ लागतं. दाट झाडीत किंवा अरुंद दरीत मेसेज बराच वेळ अडकतो. त्यामुळे घरच्यांना नकाशावर दिसणारा माझा ठिपका हलायचा थांबला म्हणजे मी पडले असं नाही, हे घरी समजावून ठेवा. 406 मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटात बटण दाबलं की उपग्रहाला इशारा पाठवणारं छोटं यंत्र, फक्त मदत मागतो. "मी ठीक आहे" हे त्यावरून सांगता येत नाही. आयफोन 14 पासून पुढे उपग्रहावरून मदत मागता येते, तीही ठरावीक देशांतच. भारतात उपग्रह फोन किंवा असं यंत्र परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा ज्या देशात जाताय तिथला नियम आधी बघा. आणि यंत्र घेतलं तरी कागद लिहायचाच. यंत्र पाण्यात पडतं, कागद घरी असतो.

बाकी भराभर. निरोप घरच्या एकाच माणसाला द्यायचा, इतरांना तो कळवेल. वाटेत बेत बदलावासा वाटला आणि कळवता येत नसेल, तर बदलू नका. कागदावरचीच वाट धरा. बाहेर आलात की गाडीत बसायच्या आधी "बाहेर आले" एवढं पाठवा, आणि घरून उत्तर येईपर्यंत फोन हातातच ठेवा.