देश हादरतो तेव्हा घरातल्या किशोरवयीन मुलांना कसं सावरावं

२२ एप्रिल २०२५ला काश्मीरमध्ये पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातले सहा होते, त्यातले तीन डोंबिवलीचे. अशा दिवशी आपण टीव्ही लावेपर्यंत पंधरा वर्षांच्या मुलाच्या फोनवर मृतदेहांचे फोटो येऊन पडलेले असतात. म्हणून सुरुवात समजावण्यापासून करू नका.

१. आधी विचारा, "तू काय काय पाहिलंस?" समोर बसवून विचारलंत तर "काही नाही" एवढंच ऐकू येईल. या वयाची मुलं स्कूटरवर मागे बसल्यावर, नाहीतर शेजारी बसून भाजी निवडताना बोलतात. बोलू लागली की मध्ये तोडू नका. "तू कशाला विचार करतोस, अभ्यास कर" हे वाक्य तर गिळूनच टाका.

२. बातम्यांची वेळ ठरवा. बंदी घातलीत तर मित्राच्या फोनवर बघतील. आणि हो, जेवताना टीव्ही बंद हा नियम बाबांनाही लागू.

३. फॉरवर्ड तपासायचं काम मुलांकडे द्या. पहलगामनंतर, त्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचा पत्नीसोबतचा 'शेवटचा व्हिडिओ' म्हणून एक रील फिरलं. ते भलत्याच जोडप्याचं होतं. आपण जिवंत आहोत हे त्यांना स्वतः सांगावं लागलं. फॅमिली ग्रुपवर काकांची चूक दाखवायला मिळाली की मुलं मन लावून शोध घेतात.

४. राग दाबू नका, पण तो कुणावर आहे हे नेमकं विचारा. मला ही पायरी सगळ्यात अवघड वाटते. त्या हल्ल्यानंतर बाहेर शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना ठिकठिकाणी त्रास झाला. त्याच २६ जणांत पर्यटकांना वाचवू पाहणारा स्थानिक घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह होता, हेही मुलाला सांगा. मूल "ते सगळे तसलेच" म्हणालं तर ओरडू नका, "सगळे म्हणजे कोण?" एवढंच विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

५. हाताला काम द्या. रक्तदानाला अठरा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे मुलांना ते करता येत नाही. पण सोसायटीत शिबिर असेल तर नावं लिहून घेणं, चहा-बिस्किटं देणं त्यांना जमतं. मेणबत्ती लावून फोटो टाकण्यापेक्षा हे बरं.

६. नंतरचे काही आठवडे लक्ष ठेवा. झोप उडणं, जेवणावरून मन जाणं, चिडचिड सुरुवातीला होतेच. महिना उलटूनही तेच चालू असेल तर समुपदेशकाकडे न्या. "जगून काय उपयोग" असं काही बोललं तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मूल तयार नसेल तर आधी तुम्ही फोन करा.