मान-खांदे दुखतात? आधी सीट बघा : सायकलवाल्यांनो, या चुका टाळा

मान धरली म्हणून फोन करणाऱ्या सायकलवाल्याला मी आधीच सांगते, एमआरआयची फाईल राहू द्या, सायकल घेऊन या. लोकांना नवल वाटतं. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सायकल कशाला? पण चाळिशीनंतर मानेच्या एमआरआयमध्ये गादी थोडी सरकलेली, मणके थोडे झिजलेले असं बऱ्याच जणांचं दिसतं, ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांचंसुद्धा. त्यावरून ‘स्पॉन्डिलायटिस’चा शिक्का बसतो, गळ्यात पट्टा येतो आणि सायकल जिन्याखाली जाते. दुखणं नेमकं वीसेक किलोमीटरनंतर सुरू होतं आणि उतरल्यावर तासाभरात ओसरतं, हे कुणी विचारलेलंच नसतं. असं दुखणं असेल तर खोट बहुतेक वेळा माणसात कमी आणि सायकलच्या मापात जास्त असते.

सीट पुढं ओढणं

छत्रपती संभाजीनगरात पहाटे दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्याला लागणाऱ्यांत ही चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. हँडल लांब वाटतं, हात ताणले जातात. मग पाना घेऊन सीट पुढं सरकवली जाते. हँडल जवळ आलं, आता आराम पडायला हवा. पण आठवड्याभरात मनगटंही दुखायला लागतात.

कारण असं, की पुढं झुकलेल्या धडाचं वजन मागं सरकलेल्या ढुंगणामुळे तोललं जातं. सीट पुढं गेली की हा तोल सुटतो आणि धड पेलायला हातच उरतात. कोपरं ताठ होतात, खांदे कानापर्यंत चढतात, आणि त्या अवस्थेत समोरचा रस्ता दिसावा म्हणून मान मागं मुडपून ठेवावी लागते. मानेच्या मागचे स्नायू तासन्‌तास आवळलेले राहिल्यावर दुखणार नाहीत तर काय.

घरी तपासायचं असेल तर सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येतं अशा स्टँडवर लावा (रस्त्यावर हा प्रयोग नको). मध्यम जोरात पेडल मारत असताना दोन्ही हात हँडलवरून बोटभर उचला. धड जागेवर राहिलं तर ठीक. तोंडघशी पडायला झालं तर तुमचं वजन हातांवर आहे, बाम कितीही चोळा.

उपाय उलटा आहे. सीट ५ मिलिमीटर मागं घ्या, चार-पाच दिवस चालवा, मग पुढचं ठरवा. मागं घेतल्यावर पेडलपर्यंतचं अंतरही किंचित वाढतं, तेव्हा सीट अगदी थोडी खाली घ्यावी लागू शकते. गुडघा कुरकुरला तर लगेच कळेल. आता हँडल लांब वाटणारच. त्यासाठी आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा आडवा तुकडा) मिळतो, १०० मिलिमीटरच्या जागी ८० चा. बऱ्याच सायकलींचा स्टेम उलटा करून लावला तरी हँडल वर येतं, म्हणजे पैसेही वाचतात.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे सीटचं नाक खाली झुकवणं. मांड्यांमध्ये बधिरपणा येतो म्हणून करतात. मग माणूस दिवसभर पुढं घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला मागं ढकलत राहतो. मोबाईलमधलं पाणसळ सीटवर ठेवून बघा, सपाट हवी.

आणि एका दिवशी एकच बदल. सीट, स्टेम, हँडलग्रिप, सगळं एकदम बदलून आलेल्या माणसाला कशानं फरक पडला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

‘हाताला मुंग्या येतात’ एवढ्यावर थांबणं

कुठल्या बोटाला, हे सांगा. करंगळी आणि तिच्याशेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल तर तळहाताच्या करंगळीकडच्या गादीत अल्नर नस हँडलवर दबते आहे. अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं असतील तर मनगटातली मीडियन नस. दोन्हीला उपाय साधे: दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलणं, मनगट सरळ राहील असा ब्रेक लिव्हरचा कोन, जाड ग्रिप किंवा गादीचे हातमोजे.

करंगळीवाल्यांनी एक करून बघावं. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना अंगठ्याचं वरचं पेर आपोआप वाकत असेल, तर नसेची ताकद कमी होते आहे. मग ग्रिप बदलत बसू नका. सायकल थांबवा, डॉक्टरांकडे जा, नर्व्ह कंडक्शनची तपासणी लागू शकते.

मुंग्या दंडापासून खाली उतरत असतील, मान मागं करून त्या बाजूला झुकवल्यावर वाढत असतील आणि हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटत असेल, तर नस मानेतच दबते आहे. ते सायकलच्या मापानं एकट्यानं सुटत नाही.

मान मोडून घेणं, पट्टा, गोळी

दाढी-कटिंग झाली की ‘साहेब, मान मोडू का?’ हे आपल्याकडं बऱ्याच सलूनमध्ये विचारतात, आणि लोक हौसेनं मोडून घेतात. नको. मानेला अचानक दिलेल्या झटक्यानं मेंदूला रक्त नेणारी धमनी आतून फाटल्याचे आणि त्यातून पक्षाघात झाल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. क्वचितच होतं, पण दहा मिनिटांच्या मोकळेपणासाठी हा जुगार कशाला.

पट्टा महिनोन्‌महिने घातला तर स्नायू आणखी ढिले पडतात. राहिली गोळी. लांबच्या राईडला निघताना आधीच वेदनाशामक घेऊन ठेवण्याची पद्धत पडली आहे. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात पारा ४२ च्या आसपास असतो, अंगातलं पाणी घामावाटे निघून गेलेलं असतं, आणि अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शिवाय दुखणं झाकलं गेल्यामुळे चुकीच्या मापावर आणखी ६० किलोमीटर होतात, ते वेगळंच.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, साडेतेरा तासांत संपवायची असते. त्याची तयारी करणाऱ्यांनी मानेची ताकद गृहीत धरू नये. १९८३ च्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या अमेरिका आरपार जाणाऱ्या सायकल शर्यतीत मायकेल शर्मर या सायकलपटूच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर उचलता येईना, तेव्हापासून या अवस्थेला ‘शर्मर्स नेक’च म्हणतात. हनुवटी सरळ मागं घेणं, दोन्ही फरे (खांद्यामागची चपटी हाडं) एकमेकांजवळ ओढणं, पाठीखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन छाती उघडणं आणि प्लँक (पालथं होऊन कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं), एवढं आठवड्यातून चार दिवस केलं तरी सहा आठवड्यांत फरक कळतो.

बारीकसारीक

हेल्मेटची पुढची टोपी (व्हायझर) खाली आली की रस्ता दिसण्यासाठी मान आणखी वर करावी लागते. तेवढी टोपी काढून टाका. नाकावरून घसरणाऱ्या चष्म्याचंही तेच. पाठीवर बॅग नको, कॅरिअरला बांधा. टायर दगडासारखा कडक नको: टायरवर हवेच्या दाबाचे (पीएसआय) आकडे छापलेले असतात, त्यातला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, त्यातला प्रत्येक उंचवटा मनगटाला कळतो. १०-१५ पीएसआय कमी करून बघा, फक्त छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका.

इथं सायकलचा विचारच नको

डाव्या हातात, जबड्यात किंवा छातीत दुखणं, सोबत घाम आणि दम लागणं, तेही चढावर वाढणारं आणि थांबल्यावर कमी होणारं: हे स्नायूंचं समजून मालिश करू नका, लगेच ईसीजी काढा.

पडल्यानंतर हात टेकला असेल आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते दिसत नाही असं बरेचदा होतं. १०-१४ दिवसांनी पुन्हा काढावा लागतो, तोवर मनगट बांधून ठेवायचं. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. हाडवैद्याकडून ओढून-ताणून घेतलं आणि ते जुळलंच नाही, तर मनगट कायमचं दुखतं.

शाळेच्या मुलींच्या सायकली

मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुली रोज शाळेला जातात-येतात. त्यांच्या खांद्याकडं कुणी बघत नाही, कारण त्या ‘सायकलिस्ट’ नाहीत. एका खांद्याला लटकवलेलं दप्तर दोन्ही खांद्यांवर किंवा कॅरिअरला हवं. दुसरं, ब्रेकचा लिव्हर लहान हातापासून लांब असतो, बोटं ताणून दाबावा लागतो आणि मनगट भरून येतं. पुष्कळ लिव्हरवर एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. नंतर केबल ओढून ब्रेक नीट लागतो ना, एवढं बघून घ्यायचं. सायकलवाला हे पाच मिनिटांत करून देतो.