सोलापूरहून बदामी: मुक्काम करूनच पाहा

सकाळी गोलघुमट, दुपारी बदामीची लेणी, संध्याकाळी पट्टदकल आणि रात्री जेवायला परत सोलापूर, असा बेत असेल तर कर्नाटकातल्या बदामीचा धबधबा विसरा. अक्का-तंगी, म्हणजे थोरली आणि धाकटी बहीण, या दोन शेजारधारा तळ्याकाठच्या कड्यावरून पडतात, पण जोराचा पाऊस झाला तरच. वरचं पठार वालुकाश्माचं, माती पातळ, पाणी मुरायला जागाच नाही. त्यामुळे पाऊस झाला की धार लगेच सुरू होते आणि पाऊस थांबला की काही तासांत बारीक होते. गावात रात्र काढणाऱ्यालाच ती सापडण्याची शक्यता.

महिना निवडताना सह्याद्रीचा हिशेब लावू नका. हा भागही सोलापूरसारखाच पर्जन्यछायेतला. जुलैत ढग नुसते फिरतात, खरा पाऊस सप्टेंबरात. सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात चांगला काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लेण्यांना उत्तम, पण धबधबा कोरडा. एप्रिल-मे टाळा, तांबडा खडक दुपारी तव्यासारखा तापतो. पौषात शेजारच्या बनशंकरीची जत्रा भरते, तेव्हा लॉजवर खोली मिळणं मुश्कील. आणि शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं, तो वार सोडून या.

रस्त्याने अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर, विजयपूर आणि बागलकोटवरून. एसटीने किंवा कर्नाटकच्या लाल गाडीने विजयपूर गाठून पुढची गाडी धरता येते. पण रेल्वे जास्त सोयीची. सोलापूर–होटगी–विजयपूर–बागलकोट–गदग हा मार्ग बदामीवरूनच जातो आणि आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडतो. गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून आधी परतीची गाडी बघा, मग जाण्याची ठरवा. बहुतेकांचं उलट होतं आणि दुसरा दिवस स्टेशनात जातो. बदामी स्टेशन गावापासून ५ किलोमीटरवर आहे. बाहेर टमटम उभ्या असतात, बसण्याआधी भाडं ठरवा. मुक्काम बसस्टँडच्या आसपास करा, तिथून लेणी आणि तळं दोन्ही पायी होतं.

पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला लेणी. चार लेणी आहेत, एकाच कड्यात, पायऱ्यांनी जोडलेली. पहिलं शिवाचं. त्यातला नटराज १८ हातांचा. एकेक हात वेगळा धरून बघा, कुठल्या दोन हातांची जोडी जुळवली तरी नाचाची नवी मुद्रा दिसते. दुसरं आणि तिसरं विष्णूचं, चौथं जैनांचं. वेळ कमी असेल तर दुसऱ्यात थोडा कमी थांबा, तिसऱ्यात नाही. तिसरं सगळ्यात मोठं, आणि तिथल्या शिलालेखावर शके ५०० आहे, म्हणजे इसवी सन ५७८. चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या काळात त्याचा भाऊ मंगलेश याने कोरवलेला हा लेख या लेण्यांचं वय पक्कं सांगतो. छताकडे बघा, जुन्या रंगाचे पुसट डाग अजून आहेत.

माकडांपासून सांभाळा. त्यांना खाऊ दिसावा लागत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज पुरतो. पिशवी आत टाकून सॅकची चेन लावा, चष्मा आणि मोबाइल हातात लोंबता ठेवू नका. केळी तर खोलीवरच राहू द्या.

लेण्यांवरून उतरलात की अगस्त्य तळ्याच्या काठाने भूतनाथाच्या देवळाकडे चाला. घाटावर बायका धुणं धुतात आणि दगडावर कपडा आपटल्याचा आवाज समोरच्या कड्यावरून परत येतो. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून मावळतीच्या आधीचा अर्धा तास तिथे घालवा. दुपारी पाऊस झाला असेल तर हा क्रम मोडा आणि आधी धबधब्याकडे जा, लेणी उद्याही तिथेच असतात. वाटेत कोणालाही ‘नीर ऐतेन्री?’ (पाणी आहे का?) विचारा, सोलापूरकराला एवढं कन्नड जड नाही. धारेखालच्या खडकावर मात्र चढू नका. शेवाळ काळ्या खडकावर दिसत नाही आणि चप्पल सटकते. तळाला खाचा असलेला बूट हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर संग्रहालयाच्या बाजूने उत्तरेच्या किल्ल्यावर चढा. खडकाच्या उभ्या फटींतून वाट जाते, वर खालचं आणि वरचं अशी दोन शिवालयं. खाली येताना मालेगित्ती शिवालय चुकवू नका. दक्षिणेच्या किल्ल्याची वाट बंद असते, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

जुन्या दगडांची ओढ असेल तर पठारावरच्या सिडिलफडीला जा. ही वालुकाश्माची नैसर्गिक कमान आहे, आणि तिच्या आडोशाला आदिमानवाने काढलेली चित्रं आहेत. नावाचा अर्थ वीज पडलेला खडक. झुडपांत पायवाटा फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून गावातला माणूस बरोबर घ्या. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा, माणशी २ लिटर पाणी. ढग गडगडत असतील तर नाव खरं मानून खालीच थांबा. वाट जमली नाही तर संग्रहालयात या कमानीची प्रतिकृती आहे.

गाडी असेल तर तिसरा दिवस काढा. आधी लांबचं ऐहोळे (साधारण ३५ किलोमीटर), मग पट्टदकल (२२), शेवटी महाकूट. ऐहोळेत मेगुती टेकडीवर चढाच. वरच्या देवळाच्या भिंतीवर कवी रविकीर्तीचा इसवी सन ६३४ चा लेख आहे, त्यात चालुक्य राजा पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाला हरवल्याचं आणि महाराष्ट्रक नावाच्या तीन प्रांतांतल्या ९९ हजार गावांचं वर्णन येतं. लेख बघून लोक उतरतात, इथेच चुकतं. देवळाच्या मागे चाला. उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेल्या महापाषाणयुगीन थडग्यांची रांग तिथे आहे, देवळाहून कितीतरी जुनी. काही शिळांना गोल भोक पाडलेलं दिसेल. दिवसाचा शीण महाकूटात काढा, तिथल्या कुंडाला जिवंत झरा आहे.

दुपारचं जेवण बनशंकरीला, गावापासून ५ किलोमीटर. देवळाबाहेर बायका टोपलीत कडक ज्वारीची भाकरी, चटणी, उसळ आणि मडक्यातलं दही घेऊन बसतात. सुटे पैसे ठेवा. कोशिंबिरीपेक्षा दही-भाकरी पोटाला बरी.

परतताना विजयपूरला दोन तास मिळाले तर गोलघुमटाच्या आवारातलं संग्रहालय बघा. महाकूटचा मंगलेशाचा लेख असलेला खांब आता तिथे आहे. तेही शुक्रवारी बंद.