जुन्या फोर्ड ४६० मधून ट्रेलर ओढायला जास्त ताकद कशी काढायची

अमेरिकेत ऐंशीच्या दशकातला एफ-२५० किंवा एफ-३५० पिकअप स्वस्तात पदरात पडला, बॉनेटखाली ४६० आहे म्हणून खूश झालात, मागे कॅम्पर, म्हणजे राहायचा ट्रेलर, जोडला आणि पहिल्याच चढाला मागच्या गाड्यांची रांग लागली, असं झालं असेल तर वाचा. ४६० म्हणजे ४६० क्युबिक इंच, जवळपास साडेसात लिटर, व्ही-८. १९६८ ला लिंकनच्या आलिशान गाड्यांसाठी आलेलं इंजिन, १९७३ पासून पिकअपमध्ये बसायला लागलं आणि १९९७ पर्यंत टिकलं. १९८८ पासून त्याला फ्युएल इंजेक्शन आलं, त्याचं सगळंच प्रकरण वेगळं, मी इथे कार्बोरेटरवालंच धरतोय.

आता एवढं अवाढव्य इंजिन आणि जोर कुठे गेला? १९६८ ला कंपनी ३६५ हॉर्सपॉवर सांगायची, ऐंशीच्या दशकातल्या पिकअपला साधारण २४५. यातला बराच फरक नुसता मोजण्याचा आहे, आधी एअर फिल्टर सायलेन्सर काही न लावता उघडं इंजिन मोजायचे आणि १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले. पण उरलेला फरक खरा आहे. धुराचे नियम आले तसं कॉम्प्रेशन उतरवलं, कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, टायमिंग मागे नेलं, एक्झॉस्ट पोर्टमध्ये हवा सोडायच्या नळीसाठी उंचवटा ठेवला. म्हणजे आपल्याला नवीन काही शोधायचं नाहीये, काढून घेतलेलं परत घ्यायचंय, आणि तेही २००० ते ३५०० आरपीएमच्या मध्ये, कारण ट्रेलर ओढताना इंजिन तिथेच असतं. ५५०० ला किती हॉर्सपॉवर मिळते हे सांगणारा पार्ट कितीही चकचकीत असला तरी आपल्या कामाचा नाही.

पार्ट मागवायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, आठही सिलिंडरची. आकडा किती आला यापेक्षा एकमेकांत फरक किती ते बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि रिंगांचं काम, बाकी सगळं नंतर. व्हॅक्यूम गेज लावा, समुद्रसपाटीच्या आसपास आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर पाहिजे, उंचावर राहत असाल तर दर हजार फुटांना एक इंच कमी धरा. काटा फडफडत असेल तर इंजिन काहीतरी सांगतंय.

मग इग्निशन, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते टायमिंग. फुकटात मिळणारी ताकद इथेच आहे आणि लोक नेमकं हेच सोडून कार्बोरेटर विकत घ्यायला धावतात. टायमिंग लाइट लावायच्या आधी क्रँक पुलीवरची खूण खरी आहे का ते तपासा, कारण डँपरच्या आतलं रबर जुनं झालं की बाहेरची रिंग सरकते आणि मग तुम्ही खोट्या खुणेवर टायमिंग सेट करत बसता. पहिल्या सिलिंडरमध्ये पिस्टन स्टॉप घालून खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचा सगळ्यात वरचा बिंदू, काढा. कार्बोरेटरवाल्या, फार बदल न केलेल्या ४६० ला आयडलला १० ते १२ डिग्री आणि डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून ३००० आरपीएमच्या आत सगळं मिळून ३४ च्या आसपास, ही सुरुवात. मग ट्रेलर जोडून चढावर न्या, खिडक्या खाली, रेडिओ बंद, ॲक्सिलरेटर दाबून ऐका. टकटक असा बारीक धातूचा आवाज, म्हणजे नॉकिंग, आला की २ डिग्री मागे या, परत बघा. रिकाम्या गाडीत नॉकिंग येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, लोड आल्यावर तेच टायमिंग पिस्टन फोडू शकतं. पेट्रोलचं म्हणाल तर इथल्या पंपावरचं ८७ ऑक्टेन म्हणजे भारतातल्या मोजणीने ९१ च्या जवळपासचंच, मोजायची पद्धत वेगळी म्हणून आकडा लहान दिसतो, त्याला हलकं समजू नका. इथल्या पंपावरचं ९१ वालं भरल्याने आपोआप जोर वाढत नाही, टायमिंग पुढे न्यायला जागा मिळते इतकंच.

टायमिंग चेन हा माझा सगळ्यात आवडता खर्च. दोन कारणं. एक म्हणजे जुन्या गाड्यांत कॅमच्या गिअरचे दात नायलॉनचे असायचे, ते झिजून तुटून इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात जातात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. दुसरं, कंपनीने नंतरच्या इंजिनांत क्रँकचा गिअरच असा दिला की कॅम साधारण ८ डिग्री उशिरा फिरतो, त्याने धूर सुधारला आणि खालचा टॉर्क गेला. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, क्रँक हाताने एका दिशेला फिरवून मग उलटा फिरवा, रोटर हलायला लागेपर्यंत क्रँक सात-आठ डिग्री नुसताच फिरत असेल तर चेन सैल झालीय. नवीन डबल रोलर सेट घेताना १९७२ च्या आधीचं टायमिंग असलेला, म्हणजे कॅम मागे न ढकलणारा घ्या. पाणी काढणं, पुली, वॉटर पंप, पुढचं कव्हर असं सगळं उतरवावं लागतं, पूर्ण वीकेंड जातो, पण खालचा ओढा लगेच जाणवतो. आणि हे झालं की इग्निशनचं टायमिंग परत चढावर ऐकून बघायचं, कारण आता सिलिंडरमध्ये दाब आधीपेक्षा जास्त तयार होतो आणि कालपर्यंत गप्प असलेलं इंजिन आज टकटक करू शकतं.

कार्बोरेटरबद्दल थोडंच. गणित करा, ४६० गुणिले ४५०० आरपीएम भागिले ३४५६, साधारण ६०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा, येतं, आणि इंजिन काही शंभर टक्के भरत नाही, म्हणजे प्रत्यक्षात ५०० च्या आसपास लागतं. १९८३ ते ८७ च्या पिकअपवर होली या ब्रँडचा ६०० सीएफएमचा कार्बोरेटर फोर्डनेच दिलेला असतो. तोच नीट साफ करून नवीन किट टाका. ८५० वाला लावलात तर खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट मिसळत नाही आणि मायलेज आधीच रडकं असतं ते अजून रडतं.

एक्झॉस्टमध्ये मात्र खरंच फरक पडतो. ओतीव मॅनिफोल्डला तडे जातात, मागच्या सिलिंडरचे बोल्ट तुटतात, थंडीत चालू केल्यावर टिकटिक आवाज येतो तो बरेचदा टॅपेटचा नसून इथल्याच गळतीचा असतो. ओतीव मॅनिफोल्डच्या जागी पावणेदोन इंची वेगवेगळ्या नळ्यांचे हेडर आणि अडीच इंची दोन पाइप पुरे, याहून मोठं ओढायच्या गाडीला नको. बोल्ट काढायच्या दोन दिवस आधीपासून तेल मारत राहा, आणि तुमच्या राज्याचे नियम बघून घ्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो काढणं बेकायदा आहे.

एवढं करूनही चढाला दम लागत असेल तर इंजिन सोडा, मागच्या हाउसिंगमधला क्राउन-पिनियन बघा. त्याचं गुणोत्तर ३.५५ असेल आणि तुम्ही ४.१० टाकला तर चाकावरचा टॉर्क सरळ १५ टक्क्यांनी वाढतो, त्याच पैशात कुठलाही कॅम हे देणार नाही. बदल्यात ३१ इंची टायरवर ताशी ६५ मैलाला आरपीएम २५०० च्या जागी २९०० च्या आसपास जातील, आणि या पिकअपमधल्या सी-६ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर आरपीएम उतरवणारा वरचा गिअर, नसल्याने रिकाम्या गाडीतही हायवेवर इंजिन ओरडत राहील. आधीच्या मालकाने मोठे टायर टाकले असतील तर गिअर न बदलताच तुम्ही ओढ घालवून बसलाय, मूळ साइजचे टायर टाकणं हाही उपायच आहे. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे चढणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, तिथे उंची ११,००० फुटांच्या वर आहे आणि दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते, म्हणजे तिसरा हिस्सा हवेतच गायब. तिथे मुकाट्याने दुसरा गिअर टाकून उजव्या लेनमध्ये चालायचं.

कॅम शेवटी, आणि तोही इंजिन उघडायचंच असेल तर. टोइंगसाठी किंवा आरव्हीसाठी, म्हणजे राहायच्या मोटारगाडीसाठी, म्हणून विकतात तसला सौम्य घ्या, ०.०५० इंच लिफ्टला ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, २०४ ते २१४ डिग्रीच्या पट्ट्यातला. सपाट टॅपेटचा असेल तर लिफ्टरही नवीनच, झिंकवालं ब्रेक-इन ऑइल, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलला सोडायचं नाही, २००० ते २५०० आरपीएमला वीस-तीस मिनिटं, नाहीतर कॅमवरचे उंचवटे (लोब) घासून सपाट होतात.

आणि जोर वाढवला तर उष्णताही वाढणार. फॅनचा क्लच आणि त्याच्याभोवतीचं कव्हर जागेवर आहे का बघा, अनेकांच्या गाडीत ते कव्हर कोणीतरी काढून फेकलेलंच असतं. गिअरबॉक्सला वेगळा कूलर आणि ऑइलचं टेंपरेचर दाखवणारा गेज बसवा, ८० सेल्सिअसच्या आसपास ठीक, १०५ च्या पुढे काटा गेला की बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं चढं ठेवा आणि खाली येऊ द्या.