दातांची कीड मोजताना: सरकारी दंतआरोग्य कार्यक्रमांच्या देखरेखीत येणाऱ्या नवोदितांसाठी

दंतवैद्यकाची पदवी आणि त्यानंतर सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्रातले तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण संपवून घरी गेले, तेव्हा 'दवाखाना कधी टाकणार?' हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. तो अजूनही संपलेला नाही, कारण मी दात भरण्याच्या कामाकडे वळलेच नाही. सरकारी पैशातून चालणाऱ्या कार्यक्रमांमुळे मुलांचे दात किडायचे खरोखर थांबतात का, हे तपासणे हे माझे काम आहे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना जे कोणी आधी सांगितले असते तर माझी दोन वर्षे वाचली असती, ते येथे लिहीत आहे.

प्रथम कार्यक्रमांची रचना समजून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला आणि त्याचा आरंभ आपल्याकडे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमधील ज्या 30 आजारांची व दोषांची तपासणी त्यात अपेक्षित आहे, त्यांत दातांचे विकारही येतात. दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. दुसरीकडे 2014-15 पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालये आणि त्याखालच्या संस्थांना दंतखुर्ची, उपकरणे, साहित्य आणि कंत्राटी मनुष्यबळ यांसाठी साहाय्य मिळते. म्हणजे किडलेली दाढ पाहणारे एका कार्यक्रमातले आणि ती भरणारे दुसऱ्या कार्यक्रमातले. मूल हरवते ते या दोहोंच्या मध्ये, आणि देखरेख करणाऱ्याने आपली जागा तिथेच धरायची असते.

ही गोष्ट मला उशिरा कळली. पहिल्या आढावा बैठकीत समोर आलेल्या तक्त्यात 'उद्दिष्ट' आणि 'साध्य' हे दोनच स्तंभ होते, बहुतेक तालुके शंभर टक्क्यांच्या आसपास होते आणि मी समाधानाने घरी गेले. पुढच्या महिन्यात एका जिल्हा परिषद शाळेत गेले असता चौथीतल्या एका मुलीने दप्तराच्या तळातून घडी घातलेली चिठ्ठी काढून दाखवली. ती आदल्या वर्षीच्या तपासणीची संदर्भचिठ्ठी, म्हणजे उपचारासाठी रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी होती. चिठ्ठी जपून ठेवली होती, दाढ मात्र तोपर्यंत मुळांपर्यंत गेली होती. तक्त्यात ही मुलगी 'तपासली' आणि 'संदर्भित केली' अशा दोन्ही रकान्यांत यश म्हणून मोजली गेली होती.

तेव्हापासून मी प्रत्येक तालुक्यासाठी एक उतरंड मांडते. समजा पटावर 1,000 मुले आहेत, तपासणीच्या दिवशी 820 हजर होती, त्यांतील 400 जणांना कीड आढळली, 400 चिठ्ठ्या दिल्या, 90 मुले खुर्चीपर्यंत पोहोचली आणि 35 जणांचे उपचार पूर्ण झाले. यातून 'संदर्भसेवा 100 टक्के' असेही लिहिता येते आणि 'कीड आढळलेल्यांपैकी उपचार पूर्ण झालेले 9 टक्क्यांहून कमी' असेही लिहिता येते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. कोणते वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर जाते, यावरून तो अहवाल कोणासाठी लिहिला आहे ते ओळखता येते. आणि 400 ते 90 ही गळती का झाली, हे कार्यालयात बसून कळत नाही. ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक आठवड्यातल्या ठरावीक वारीच असतात, त्या वारी आईची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, आणि 'दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत' हे आजीचे म्हणणे घरात अखेरचे ठरते. सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढही कित्येक घरांत दुधाचीच समजली जाते. ती दुधाचा कोणताही दात न पडता सर्वांत मागे उगवते, त्यामुळे हा गैरसमज स्वाभाविक आहे.

आता मोजमापाविषयी, कारण नवोदित सर्वाधिक चुकतात ते येथे. क्लाइन आणि पामर यांनी 1938 साली रूढ केलेला डीएमएफटी निर्देशांक आपण सगळेच शिकतो: किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले पक्के दात यांची बेरीज. परीक्षेत तो सोपा वाटतो. मात्र हा निर्देशांक माणसाच्या आयुष्यभराचा हिशेब आहे, तो खाली येत नाही. ज्या मुलाचे दोन दात किडले होते आणि कार्यक्रमामुळे दोन्ही भरले गेले, त्याचा आकडा आधीही दोन आणि नंतरही दोनच. 'एवढा खर्च करूनही निर्देशांक जागचा हलला नाही' असा शेरा एका अहवालावर मी स्वतः वाचला आहे. तो लिहिणाऱ्याचा दोष कमी आणि बेरजेमागचे तीन घटक वेगळे न दाखवणाऱ्या माझा जास्त होता. त्याच मुलांमध्ये किडलेल्यांचा वाटा घटून भरलेल्यांचा वाढला का, हे उपचाराचे यश दाखवते. प्रतिबंधाचे यश पाहायचे तर यंदाच्या 12 वर्षांच्या मुलांची तुलना काही वर्षांनंतरच्या 12 वर्षांच्या मुलांशी करावी लागते. दुधाच्या दातांत उलटा धोका असतो: किडलेले दात वयाने पडून जातात आणि काहीही न करता आकडा सुधारतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 5, 12 आणि 15 अशी ठरावीक वये निश्चित केली आहेत. भारतीय दंत परिषदेच्या 2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही या वयांची आकडेवारी आहे: 5 व्या वर्षी 51.9, 12 व्या वर्षी 53.8 आणि 15 व्या वर्षी 63.1 टक्के मुलांना कीड. ही आकडेवारी जुनी असली तरी वयोगट न जुळवता तिच्याशी तुलना करणारे अहवाल अजून येतात.

त्यातही कोणी, कशाने आणि कोणत्या उजेडात पाहिले हे लिहिलेले नसेल तर आकडा निरुपयोगी ठरतो. फिरत्या पथकाचे डॉक्टर डोळ्यांनी पाहून मोठी भोके टिपतात, आणि त्यांच्याकडून तेवढेच अपेक्षित आहे. आपण आरसा आणि अर्ध्या मिलिमीटरची गोळी असलेली शलाका घेऊन बसतो. हे दोन आकडे एका स्तंभात लिहू नयेत. आपल्या आपल्यातही फरक पडतोच. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात दाढेच्या खाचेतला प्रत्येक काळा डाग मी कीड म्हणून नोंदवला होता आणि प्रशिक्षकांशी माझे एकमत लाजिरवाणे निघाले. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत, जिथे काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे फ्लोरोसिसचे तपकिरी डाग आणि खड्डे नवख्या डोळ्याला किडीसारखेच दिसतात. अशा गावात फ्लोराइड वार्निशच्या, म्हणजे कीड रोखण्यासाठी दातांना लावायच्या फ्लोराइडयुक्त लेपाच्या, मोहिमेची देखरेख करायची असल्यास आधी पाण्याचा तपासणी अहवाल मागवावा. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 पर्यंत चालवून घेतले जाते. एकमत तपासण्यासाठी 5 ते 10 टक्के मुले पुन्हा तपासावी लागतात आणि ती कोणती हे तपासणाऱ्याला कळू नये, असा नियम आहे. प्रत्यक्षात 'मॅडम, माझं झालंय!' असे मूलच ओरडून सांगते.

गैरहजर मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. बीडसारख्या जिल्ह्यात पहिली फेरी जुलैत आणि दुसरी जानेवारीत ठेवली, तर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले दुसऱ्या फेरीत नसतात. खुर्चीपर्यंत पोहोचण्याची संधी सर्वांत कमी असणारीच मुले गळतात आणि उरलेल्यांची सरासरी चांगली दिसू लागते. फेरीचा महिना ठरवणे हा कारकुनी विषय वाटतो, पण बैठकीत भांडायचे असेल तर त्यासाठी भांडावे.

वार्निशच्या बाबतीत मी लाभार्थ्यांची यादी पाहण्याआधी साठा नोंदवही पाहते. किती आले, किती वापरले, किती शिल्लक, याचा मेळ मुलांच्या संख्येशी बसला पाहिजे. शिवाय वार्निश साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते, म्हणून एकूण मात्रांपेक्षा दोन्ही वेळा मिळालेली मुले किती हा आकडा मागावा. दाढांच्या खाचा बुजवण्याच्या कार्यक्रमात तर लावलेले आवरण वर्षानंतर टिकले का, हे पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. जनजागृतीचे मोजमाप याहून अवघड. 2023 मध्ये राज्यात 'स्वच्छ मुख अभियान' सुरू झाले आणि सचिन तेंडुलकर त्याचे दूत झाले; ते नाव मुलांना सांगता येते, पण रात्री झोपण्यापूर्वी दात घासले का, हे आईला वेगळे विचारावे लागते.

स्कॉटलंडच्या 'चाइल्डस्माइल' कार्यक्रमातून घेण्यासारखी गोष्ट आहे ती मोजणीची व्यवस्था. बालवाड्यांत रोज शिक्षिकांच्या नजरेखाली दात घासून घेणारे लोक वेगळे आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांचे दात दरवर्षी तपासणारी राष्ट्रीय यंत्रणा वेगळी. पहिलीतल्या, कीड दिसत नसलेल्या मुलांचे प्रमाण 2006 मधील 54 टक्क्यांवरून 2018 मध्ये 71 टक्क्यांवर गेले, हे तिथे विश्वासाने सांगता येते, कारण मोजणी करणाऱ्यांना यशाचे श्रेय मिळणार नव्हते. आपल्याकडे अनेकदा पथकच तपासते, पथकच नोंदवते आणि पथकाचेच मूल्यमापन त्या नोंदीवर होते.

एक चूक माझ्याच हातून झालेली. सर्वेक्षण अर्जात दाताची नोंद होऊ शकली नसेल तर 9 लिहितात. ते संगणकावर चढवताना मी तो स्तंभ तसाच ठेवला आणि सरासरी काढली. एका शाळेतली मुले अचानक भयंकर किडलेल्या दातांची निघाली. तेव्हापासून रिकामी जागा, शून्य आणि 9 यांचे अर्थ मी प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर लिहिते.

या कामात बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात आणि पगार दवाखाना चालवणाऱ्या वर्गमित्रांपेक्षा कमी असतो, हे मान्य करूनच यावे. सांख्यिकीचा पाया पक्का असावा. अंगणवाडी सेविका आणि मुख्याध्यापक यांच्यासमोर तपासनीस म्हणून उभे राहू नये. त्यांच्या शाळेचा आकडा त्यांना मराठीत, एका पानावर परत द्यावा, कारण आजवर कोणी दिलेला नसतो.

आणि अर्जाच्या शेवटी उपचाराची निकड नोंदवण्याची एक चौकट असते. हिरडीला सूज आहे, मूल रात्री झोपत नाही, अशी नोंद तिथे करावी लागली तर पुढचे मूल बोलावण्याआधी अर्ज बाजूला ठेवून मुख्याध्यापकांकरवी पालकांना फोन लावावा आणि जवळच्या रुग्णालयात त्याच दिवशी खुर्ची मिळते का ते स्वतः विचारावे. त्या दिवशीचे उद्दिष्ट पाच-सहा मुलांनी कमी भरले तर तसे कारणासह लिहावे.