अमेरिकेच्या इतिहासातील लढाई आणि राजकारण यांचा एकत्र अभ्यास कसा करावा

अमेरिकेच्या इतिहासातील कोणतीही लढाई अभ्यासताना कागदाचे दोन रकाने करावेत आणि एकात रणांगणावरील, तर दुसऱ्यात वॉशिंग्टनमधील घडामोडी तारीखवार लिहाव्यात.

सुरुवातीला यादवी युद्धातील १८६२ हे वर्ष घ्यावे; तेव्हा उत्तरेकडील संघराज्य आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी त्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये एकमेकांशी लढत होती. २२ जुलै रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला, तेव्हा परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांनी सल्ला दिला की, पराभवांच्या काळात तो प्रसिद्ध केल्यास सरकार हतबल झाल्यासारखे दिसेल, म्हणून एखाद्या विजयापर्यंत थांबावे. १७ सप्टेंबरला मेरिलँडमधील अँटिटम येथे लढाई झाली आणि एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. लष्करीदृष्ट्या ती जवळजवळ अनिर्णीत राहिली. परंतु दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचे सैन्य व्हर्जिनियात माघारी गेले, लिंकन यांना तेवढे पुरले आणि पाचच दिवसांनी प्राथमिक जाहीरनामा निघाला.

त्यानंतर १ जानेवारी १८६३ चा अंतिम जाहीरनामा मुळातून वाचावा. अध्यक्षांनी तो सरसेनापती या नात्याने, बंडखोर भागांपुरता युद्धकालीन उपाय म्हणून काढला होता. त्यामुळे केंटकी, मिसुरी, मेरिलँड आणि डेलावेअर या संघराज्यात राहिलेल्या गुलामधारक राज्यांना तो लागू नव्हता. देशभरातील गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने संपली. याच जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची वाट खुली केली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण भूदलात दाखल झाले. त्यांचा वाटा तळटिपेत ढकलणे हा मोठा अन्याय आहे.

१८६४ साठीही हेच करावे. आपण निवडणूक बहुधा हरणार, असे लिंकन यांनी २३ ऑगस्टला लिहून ठेवले होते. २ सप्टेंबरला उत्तरेचे सेनापती शर्मन यांच्या सैन्याने दक्षिणेतील अटलांटा शहर घेतले आणि नोव्हेंबरातील निवडणुकीत लिंकन यांनी मॅक्लेलन यांचा, म्हणजे अँटिटमच्या लढाईतील आपल्याच सेनापतीचा, पराभव केला.

विसाव्या शतकासाठी तिसरा रकाना हवा: युद्धाला परवानगी कोणी दिली? राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या संसदेचा, आहे, तरीही १९५० मध्ये कोरियात अशा घोषणेविना सैन्य उतरले. व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची अध्यक्षांना मुभा देणारा ऑगस्ट १९६४ चा टोंकिन आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, तर सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग या दोन विरोधी सिनेटरांची भाषणे ठरावाच्या मजकुराशेजारी ठेवून अवश्य वाचावीत.