वडाच्या झुकलेल्या फांदीला टेकू कसा द्यावा

वडाला ढोली असली आणि आधारासाठी तीत सिमेंट भरा असं कुणी सुचवलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. वाऱ्याने झाड हलतं, सिमेंट हलत नाही. मधल्या फटीत पाणी मुरतं आणि कूज आतल्या आत वाढत जाते. ढोली पिंगळ्यांना राहू द्या. आधार द्यायचा तो फांदीला, बाहेरून.

टेकूच्या पायाचा खड्डा हाताने खणा, जाड मूळ लागलं तर जागा सरकवा. त्यात भरलेलं काँक्रीट तीन-चार आठवडे पिकलं की त्यावर जाड लोखंडी पाइप उभा करा. एवढं कुठलाही वेल्डर करून देतो.

घोळ होतो तो पाइप आणि फांदी भेटतात तिथे. माझ्या पहिल्या टेकूवरून फांदी घसरू नये म्हणून मी ती तारेने करकचून आवळली होती. तीन पावसाळ्यांत तार सालीत बुडाली. शेंड्याकडच्या बाजूला मनगटाएवढी गाठ आली, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खोडाकडे येतं आणि ते तारेपाशी अडलं होतं. चौथ्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडली, ती बरोबर तिथेच. तेव्हापासून तार नाही, साखळी नाही, पट्टाही नाही. पाइपच्या डोक्यावर फांदीहून चांगला रुंद, कडा बाहेर वळवलेला लोखंडी पाळणा वेल्ड करून घ्या. आत कन्व्हेयर बेल्टचा जुना तुकडा घाला, पाणी निघायला त्याला भोकं पाडा. वरून काहीही बांधू नका. फांदी जाड होत जाते, म्हणून दरवर्षी शिडी लावून बघा आणि जागा उरली नसेल तर पाळणा बदला.

मिस्त्री हमखास जॅक आणतो आणि म्हणतो, "साहेब, जरा वर घेऊ." घेऊ देऊ नका! फांदी वर्षानुवर्षं झुकतच त्या आकाराला आलेली असते; उचललीत की खोडाशी तडकते. ती पाळण्यात नुसती टेकावी. पाळणा आणि फांदीच्या मधे वहीचा कागद सरकेनासा झाला की थांबा.

वडाचा खरा टेकू मात्र पारंबीच. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड कुजल्यामुळे 1925 मध्ये काढून टाकलं, झाड पारंब्यांवर आजही उभं आहे. बांबू उभा चिरा, आतले पडदे फोडा, पारंबी आत घेऊन माती आणि शेणखत भरा, दोन्ही फाका सुतळीने बांधा आणि ओल टिकवा. पारंबी जमिनीत रुजून जाड झाली की बांबू काढा. तोवर त्याला खालून बाभळीचे काटे बांधून ठेवा, नाहीतर पोरं झोका घेतात.